वहिनीच्या फोटोसाठी काठी

माझ्या दुकानात तेव्हा कॅमेऱ्याचे दोन स्टँड होते. एक सागवानी, पितळी कड्यांचा. त्याच्यावर दुकानातला प्लेटचा मोठा कॅमेरा कायमचा बसवलेला असे आणि तो हलवायचा तर दोन माणसं लागत. दुसरा घडीचा, तीन पायांचा, दुर्बिणीसारखे एकातून एक बाहेर येणारे पाय असलेला. तो मी मुंबईहून जुना विकत आणला होता. मार्चमध्ये चवदार तळ्यावर बाहेरगावची माणसं जमली की तळ्याचं पाणी मागे दिसेल असा आपल्या मंडळींबरोबर फोटो काढून घ्यायला पुष्कळ जण येत. त्या गर्दीत सागवानी स्टँड नेणं शक्य नव्हतं, म्हणून हा घेतला. महाडच्या फरशीवर, तळ्याच्या पायऱ्यांवर तो उत्तम चालला. आमच्या वाडीत त्याने मला तोंडघशी पाडलं, पण त्यात दोष त्याचा नव्हता.

वाडी म्हणजे माझं जन्मघर. पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटाला लागलं की महाबळेश्वरची एस.टी. एका वळणावर सोडते, आणि तिथून तासभर डोंगर चढायचा. घरात दादा आणि वहिनी. दादा माझ्याहून बराच मोठा. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, आणि वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ती स्वतःच अजून पोरवयात होती. तिनेच मला वाढवलं. मला माझं नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून ती मला भावजी म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि त्याच दमात कान धरून आंघोळीला न्यायची. पुढे मी महाडला शाळेसाठी आलो, फोटोच्या दुकानात लागलो, मग स्वतःचं दुकान काढलं. दादाने माझ्या वाटणीची शेतीही स्वतःच कसली आणि त्याबद्दल कधी शब्द काढला नाही.

संयुक्त महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. दादाचा एकुलता मुलगा मुंबईला गेला होता तो गिरणीत न टिकता मालबोटीवर लागला, तिथल्या भंडाऱ्याच्या हाताखाली, स्वयंपाकाच्या कामाला. बोटीवर चढला की करार संपेपर्यंत उतरता येत नसे. नेमकं त्याच सुमाराला वहिनीचं छातीचं दुखणं वाढलं. पोलादपूरच्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. मुलाला आम्ही एवढंच कळवलं की आई आजारी आहे. त्याचं उत्तर कुठल्याशा बंदरातून आलं. बोटीवरच्या खोलीत सगळ्यांनी आपापल्या घरच्यांचे फोटो लावलेत, माझ्याकडे आईचा नाही, काकांना एक काढून पाठवायला सांगा, असं त्याने लिहिलं होतं.

दादाने ते पत्र मला दुकानात आणून दिलं आणि मी वाचत असताना तो भिंतीवरचे फोटो बघत उभा राहिला. नवरा-नवरीचे जोड, शाळांचे गट, कुणाचं बारसं, एका हौशी जमीनदाराची त्याच्या म्हशीसकट तसबीर. मला वाटलं, तो त्यांच्यात वहिनीला शोधतोय. कदाचित तसं नसेलही. पण मी अर्धा तालुका काढला होता आणि वहिनीचा एकही फोटो काढलेला नव्हता, हे खरं होतं. सणावाराला घरी जाताना मी कॅमेरा दुकानातच ठेवायचो, तेवढीच डोळ्यांना सुट्टी. एकदा तिच्याजवळ विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "माझा कशाला? तुमची फिल्म फुकट जायाची." मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं, आणि ते सुटल्यासारखं वाटणं मला अजून आठवतं. भर उन्हात, खळ्यावर, भात वारवताना तिला क्षणभर थांबवली असती तर स्टँडचा प्रश्नच आला नसता. कॅमेरा हातात धरून काम झालं असतं.

आता ती माजघरात अंथरुणावर होती. आमच्या माजघराला वीतभर खिडकी, आणि दार उघडतं ते पडवीत. बाहेर न्यायच्या माझ्या लहान, घडीच्या कॅमेऱ्याला तिथे एक-दोन सेकंद तरी डोळा उघडा ठेवावा लागणार होता. तेवढा वेळ कॅमेरा कुणाच्याच हातात स्थिर राहत नाही. फ्लॅशचं सामान मोठ्या शहरातल्या फोटोवाल्यांकडे असे, माझ्याकडे नव्हतं. म्हणून स्टँड.

मार्गशीर्षात मी गेलो. एस.टी.च्या टपावर न टाकता तो मांडीवर घेऊन बसलो आणि मग खांद्यावर टाकून डोंगर चढलो. वहिनी वळकटीला टेकून बसली होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे तेच होते. कापडी पिशवीतला स्टँड बघून म्हणाली, "भावजी, बंदूक आनलीत का काय?"

"बंदूकच आहे. आता हलायचं नाही."

"हालतंय कोन? हालायला जीव लागतो."

मी तिच्या पायाशी जागा बघितली, स्टँडचे तिन्ही पाय ओढून काढले, फाकवले, माथ्यावर कॅमेरा बसवला. मागे सरकून उजेडाचा अंदाज घेत होतो तेवढ्यात दादा पाण्याचा तांब्या घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

"ते मीट," तो म्हणाला.

"का?"

"मीट म्हनतो ना."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तांब्या खाली ठेवून त्याने स्वतःच एक पाय धरून आत ढकलला आणि कॅमेरा पडता पडता मी सावरला. वहिनी वर आढ्याकडे बघत होती. मी स्टँड मिटला आणि दादाच्या मागून पडवीत आलो.

"तुला काय दिसत नाय त्याच्यात?"

"काय दिसायचं? स्टँड आहे."

"तिकाटनं हाय ते."

प्रेत नेताना पुढे विस्तवाचं मडकं धरावं लागतं. ते हाताला भाजू नये म्हणून तीन काठ्या बांधून त्यांत ते टांगतात, त्याला तिकाटणं म्हणतात. थोरल्या मुलाने ते धरून पुढे चालायचं. आईच्या वेळी आणि बाबांच्या वेळी, दोन्ही वेळा ते दादाच्या हातात होतं. एकदा मी मागे कुणाच्या तरी कडेवर होतो आणि एकदा महाडहून येईपर्यंत मला उशीर झाला होता. वाडीतल्या कुणालाही दारातून एका नजरेत कळलं असतं ते मला, त्याच घरात वाढलेल्या माणसाला, कळलं नाही. वर एकत्र आलेल्या, खाली फाकलेल्या तीन काठ्या आणि त्यांच्या माथ्यावर काळी पेटी. आजारी बाईच्या पायाशी मी ते मांडलं होतं आणि वर तिला हलू नको म्हणालो होतो.

"तिने बघितलं?" मी विचारलं.

"बघितलं असंल. ती बोलायची नाय."

"मग तिला पडवीत आणू. इथे उजेड आहे, स्टँड लागणारच नाही. पाच मिनिटांचं काम."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "पडलेलं मानूस उचलून पडवीत कवा आनतात, तेबी इसरलास? आनली की दारात बाया जमतील."

शेवटच्या घटका आल्या की माणसाला बाहेर आणतात, ते मी विसरलो नव्हतो. पण दुकानात बसून बसून या सगळ्या गोष्टी माझ्या मनात उजेड आणि अंधार एवढ्यावरच येऊन थांबल्या होत्या.

आतून वहिनीचा आवाज आला, "दोघं भाऊ काय खुसफुसताय? फोटो काढायचा तर काढा, नायतर च्या पिऊन जावा."

मी पुन्हा आत गेलो. कॅमेरा उपड्या पायलीवर ठेवून पाहिला, भाताच्या कणगीवर ठेवून पाहिला. एकीवरून तिची हनुवटी आणि छप्पर दिसे, दुसरीवरून डोक्यावरचा पदर. चहा पिऊन निघालो.

खाली येताना डोक्यात एकच घोळत होतं. तीन पाय चालत नाहीत, मग किती चालतील? महाडला ज्या सुताराकडे मी फोटोच्या चौकटी करून घेत असे, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उंच घडवंची करून देतो की. चार पाय, घट्ट बसंल." त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं आणि मी ते मानलं नाही. घडवंची डोंगरावर कोण वाहून नेणार, हे मी त्याला सांगितलेलं कारण. खरं कारण निराळं होतं. परदेशी फोटोग्राफीच्या एका मासिकात मी एका फोटोवाल्याचं चित्र पाहिलं होतं. त्याच्या हातात एकाच पायाची काठी, माथ्यावर कॅमेरा, आणि तो शिकाऱ्यासारखा कुठेही उभा राहायला मोकळा. ते चित्र माझ्या मनात बसलं होतं. वहिनीचं दुखणं समोर असताना मी तशा काठीच्या मागे लागलो, हे लिहायला बरं वाटत नाही.

सामान निवडण्यात मी दिवस घालवले. छत्रीची जाड काठी घेतली, ती कॅमेऱ्याच्या वजनाने वाकली. सागाची गोल पट्टी करून घेतली, ती सरळ होती पण जड. पितळी नळी हातात घेतली तर बोटाने टिचकी मारली तरी कितीतरी वेळ थरथरत राही. शेवटी लाठीसाठी वापरतात तसला भरीव वेळू निवडला.

"कुनाला मारायचंय?" सुताराने विचारलं.

"फोटो मारायचाय."

"मंग बराबर हाय. फोटोवाल्याला बी कवातरी लाठी लागायचीच."

वेळूच्या खालच्या टोकाला लोखंडी शेंबी ठोकली. वरच्या टोकाला लाकडी गट्टू, आणि त्यात सायकलवाल्याकडून आटे पाडून आणलेला स्क्रू, कॅमेऱ्याच्या पोटाखालच्या भोकात नेमका बसेल असा. उंची माझ्या छातीपर्यंत. दुकानात मी ती हरतऱ्हेने तपासली. समोर कॅलेंडर टांगलं, शेंबी बुटाने दाबून धरली, श्वास रोखून, कॅमेऱ्याला हात न लावता दाबता येतं ते तारेचं बटण दाबलं. अर्ध्या सेकंदाला तारखा स्वच्छ आल्या. एका सेकंदालाही वाचता येण्याजोग्या आल्या. मला फार आनंद झाला. त्या वेळी माझी पाठ दुकानाच्या भिंतीला टेकलेली होती आणि पायाखाली फरशी होती, हे मी लक्षात घेतलंच नाही.

दुसऱ्या खेपेला वहिनी आणखी खाली गेली होती. काठी बघून म्हणाली, "म्हातारपनची सोय आत्ताच केलीत वाटतं."

"तुझ्यासाठी आणलीय. उठलीस की हिच्यावर चाल."

"मंग ठेवून जावा इथंच."

दादाने काठी हातात घेतली, उलटीसुलटी केली, शेंबीवर अंगठा फिरवला आणि परत दिली. त्याला ती चालली, एवढं मला पुरेसं होतं. मी माजघराच्या मधोमध उभा राहिलो. मागे टेकायला काही नव्हतं. नुकत्याच सारवलेल्या जमिनीत शेंबी बोटाच्या पेराएवढी रुतली आणि मला वाटलं, बरंच झालं, आता ती सरकणार नाही. ती सरकली नाहीच. पण एका पायावरची काठी वर-खाली पक्की असते आणि पुढे-मागे माणसाबरोबर डुलते. मी डुलत होतो, हे मला रीळ धुतल्यावर कळलं. सगळंच्या सगळं पुसट. भिंत, मडकी, गोधडी, वहिनी, सगळ्यांवरून कुणी ओला हात फिरवल्यासारखं. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली मी ते ओलं रीळ धरून उभा होतो आणि मला स्वतःचे हात बघवत नव्हते.

तिसऱ्या खेपेला मी कुणाला काही विचारलं नाही. माजघराच्या मध्ये खांब आहे, जुन्या ऐनाच्या लाकडाचा, आमच्या आजोबांच्या वेळचा. काठी त्या खांबालाच बांधायची ठरवली. दादाने गोठ्यातून सुंभ आणलं आणि खांबाला काठी आवळली, वर, मध्ये आणि खाली. दावणीला बैल बांधताना मारतात ती गाठ. मी कॅमेरा धरून हलवून पाहिला, जरा म्हणून हलला नाही. त्या घरात एवढी पक्की जागा माझ्या कॅमेऱ्याला दुसरी मिळाली नसती. फक्त काठी आता जिथे होती तिथेच राहणार होती, म्हणून वहिनीला अंथरुणासकट तिच्यासमोर वळवावं लागलं. दादाने आणि मी गोधडीची टोकं धरून तिला फिरवलं. ती हसली आणि त्या हसण्याने तिला खोकला आला.

तो खोकला थांबायला वेळ लागला. मग मी म्हटलं, "मी तीन म्हणेन तेव्हा श्वास धरायचा."

"धरते."

तिने धरला. बटण दाबून मी सेकंद मोजू लागलो, 'एक' झाला आणि तिची छाती आतून उसळली. पुन्हा केलं, पुन्हा तसंच, असं पाच वेळा. ती खरोखर प्रयत्न करत होती, ओठ मिटून, कपाळाला आठ्या घालून, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे चुकलेल्या मुलीसारखी बघत होती. कॅमेरा आता दगडासारखा उभा होता आणि मी तारेचं बटण धरून त्याच्याशेजारी उभा होतो. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रिळात फार थोडी जागा होती.

"दादा," मी म्हटलं, "तू मागे बस आणि तिचं डोकं धर."

त्यांच्या लग्नाला किती वर्षं झाली होती, पण दादाने वहिनीला माझ्यासमोर कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. आजारपणातही तिला उठवायचं झालं तर तो मी बाहेर जाईपर्यंत थांबे. आमच्याकडे सगळ्याच घरांत तसं होतं.

"कायतरीच," वहिनी म्हणाली. "तुमच्याम्होरं?"

"तुझ्या पोराला फोटो हवाय ना?"

तिने पदर सारखा केला. दादा खांबाशी उभा होता. मला म्हणाला, "तू तिकडं बघ."

"मी तिकडे बघितलं तर फोटो कोण काढणार?"

यावर वहिनीच हसली, पण या वेळी खोकला आला नाही. दादा तिच्या मागे जाऊन बसला. त्याने आधी हात धोतराला पुसले. मग दोन्ही तळव्यांनी तिचं डोकं कानांच्या वर धरलं आणि हलकेच छातीशी टेकवलं. इतक्या हळू, की पदर जागचा सरकला नाही. माझी नजर घड्याळाच्या काट्यावर होती. एक, दोन, आणि बटण सोडलं.

"झालं," मी म्हटलं.

दादाने हात काढून घेतले, उठला आणि म्हैस बघायला निघून गेला.

ते रीळ मी महाडला येऊन धुतलं. पहिल्या पाच फोटोंत कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. भिंतीत खोचलेल्या कोयतीची धार, उतरंडीतल्या मडक्यांचे काठ, गोधडीचे टाके, सगळं स्वच्छ. फक्त वहिनी नव्हती. तोंडाच्या जागी धुरासारखं काहीतरी, त्यात डोळ्यांचे दोन डाग. शेवटचा फोटो मात्र असा आला होता की त्याच्याइतका नीट फोटो मी त्या कॅमेऱ्याने क्वचितच काढला असेल. दादाच्या बोटांची पेरं, वहिनीच्या कपाळावरचं गोंदण, एकेक सुरकुती. आणि तिचे डोळे मिटलेले.

ती लाजली होती. नवऱ्याचा हात माझ्यासमोर डोक्याला लागला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, एवढंच. मी काट्याकडे बघत असल्यामुळे मला ते दिसलं नाही.

हा फोटो का पाठवता येणार नव्हता हे आमच्या भागातल्या कुणाला सांगावं लागलं नसतं. पुष्कळ घरांतून फोटोवाल्याला पहिलं बोलावणं येई ते माणूस गेल्यावर. जिवंतपणी फोटो काढलेला नसे आणि मुंबईचे मुलगे वेळेवर पोचत नसत. मग गेलेल्याला आंघोळ घालून भिंतीशी बसवत, मान पडू नये म्हणून मागून कुणीतरी डोकं धरी, आणि मी फोटो काढी. असे मी कितीतरी काढले होते. वहिनीचा फोटो त्यांच्यातलाच एक दिसत होता.

दोन्ही छापून मी वाडीला गेलो. वहिनी झोपली होती. पडवीत दादाने दोन्ही हातात घेतले आणि मिटल्या डोळ्यांचा लगेच माझ्याकडे परत केला.

"ह्यो नको."

"मलाही तेच वाटतं. पण दुसऱ्यात तोंडच नाही, दादा. हललीय ती."

"हालली तर हालली," तो म्हणाला. "हालतेय म्हंजे हाय. ह्योच धाड."

नंतर वहिनी उठली तेव्हा तिला तो पुसट फोटो दाखवला. डोळ्यांजवळ नेऊन तिने तो बराच वेळ पाहिला. "ही मी व्हय? माझ्यापरीस मडकी ब्येस आल्यात," ती म्हणाली आणि मग मडक्यांकडेच बघत राहिली. तोच फोटो मी बोटीच्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीमार्फत मुलाला पाठवला.

शिमग्याच्या आधी वहिनी गेली. तिच्यापुढे तिकाटणं दादानेच धरलं, मुलगा नव्हता म्हणून. त्या दिवशी वाडीतल्या एकाने मला विचारलं, कॅमेरा आनला नाय का. मी नाही म्हणालो.

पुतण्या पुढच्या दिवाळीच्या सुमाराला आला. अंगाने भरला होता, हातात घड्याळ होतं, बोलण्यात मुंबईचे आणि बोटीवरचे शब्द मिसळले होते. मी त्याला भेटायला वाडीला गेलो तेव्हा तिघं पडवीत बसलो. दादा सुंभ वळत होता. पुतण्याने खिशातून तो पुसट फोटो काढला. कडा दुमडून मऊ झाल्या होत्या.

"केबिनमधे लावलावता," तो म्हणाला. "लोक विचारायचे, ह्याच्यात मानूस किधर हाय? मी बोलायचो, नीट बघा, हाय."

त्याने हे हसत सांगितलं, पण मला ते ऐकवलं नाही. आता लपवण्यासारखं काही नाही असं मला वाटलं. आई गेली आहे हे त्याला माहीत होतं, मिटलेल्या डोळ्यांनी घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तिचं तोंड नीट दिसणारा फोटो जगात एकच होता. तो मी पिशवीतून आणला होता. त्याच्या हातात दिला.

तो खूप वेळ बघत बसला. गोंदणावर त्याने बोट टेकवलं.

"हा कवाचा?"

"त्याच दिवसाचा. तुला पाठवला तो आणि हा, एकाच रिळातले."

"आनि डोळे?"

"लाजली ती. दादाने डोकं धरलं होतं ना, माझ्यासमोर. म्हणून."

पुतण्याने मान वर करून बापाकडे पाहिलं. "बाबा, तुमी धरलंवतं?"

दादाचे हात चालू होते. सुंभाचा पीळ त्याने पुरा केला, टोकाला गाठ मारली. मग म्हणाला, "गुरं आली बघ," आणि उठून गोठ्याकडे गेला. गुरं अजून यायची होती.

मुलासमोर तो कबूल करणार नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. त्या दिवशी माजघरात आम्ही तिघंच होतो. त्यातली एक गेली होती आणि दुसरा बोलणार नव्हता.

"काका," पुतण्या खालच्या आवाजात म्हणाला, "मी काय लहान नाय. गेल्यावर काढलात तर काढलात. आपल्याकडं समदेच काढतात. मला वाईट वाटंल म्हनून तुमी..."

"नाही रे. जिवंत होती. फोटोनंतर किती दिवस बोलत होती, थट्टा करत होती."

"बरं," तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला म्हणतात तसं.

माझ्याजवळ पुरावा होता. रीळ मी मुद्दाम न कापता, कागदात गुंडाळून आणलं होतं, कारण असं काही झालं तर हे त्याला दाखवता येईल असं मनात कुठेतरी होतं. मी ते उलगडून पडवीच्या कडेला उजेडात धरलं आणि त्याला जवळ बोलावलं. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, कसं बघायचं ते सांगितलं. एकाच बैठकीत, एकामागोमाग काढलेले फोटो. तीच भिंत, तीच मडकी, तीच गोधडी. मध्ये कुठेही तोड नाही.

त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत नेलं. शेवटच्या चौकटीवर ते थांबलं.

"पयल्या पाचांत हालतेय," तो म्हणाला, "मंग नाय हालत."

ती जिवंत होती याचा पुरावा म्हणून धरलेल्या रिळात त्याला तिचा शेवट दिसला होता; मी ते पुन्हा कागदात गुंडाळलं. त्याने स्वच्छ फोटो माझ्या पिशवीत, वाकू नये अशा बेताने, परत ठेवला. पुसट फोटो त्याने खिशात घातला, आणि बापाला हाक मारत गोठ्याकडे गेला.